लेक डिस्ट्रिक्टमधली रेंजरची नोकरी

काठावरची

इथल्या भटकंतीच्या धाग्यांवर माझ्या नोकरीचा विषय निघाला की पहिली विचारणा होते ती प्राण्यांची. वाघ-बिबटे नसलेल्या जागी रेंजर दिवसभर करतो काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रतिसादांमध्ये तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मी इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये काम करते. हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट दऱ्या, त्यातल्या बहुतेकींच्या तळाशी एखादं सरोवर आणि भोवती उघडेबोडके डोंगर. इथले लोक डोंगराला 'फेल' म्हणतात. उंची फार नाही, सर्वात उंच स्काफेल पाइक ९७८ मीटर. पण पाऊस मात्र विचारू नका. बॉरोडेल दरीतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर. आणि हा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बारा महिने पडतो.

हा भाग १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला फाटक, तिकीट आणि वनखात्याची जमीन आठवते. इथे तसं काही नाही. उद्यानाच्या हद्दीत सुमारे ४० हजार माणसं राहतात, शेती करतात, मेंढ्या पाळतात. बरीचशी जमीन खाजगी आहे. उद्यान प्राधिकरणाच्या स्वतःच्या मालकीची अगदी थोडी, नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सुमारे पाचवा हिस्सा, काही पाणीपुरवठा कंपनीकडे, काही वनविभागाकडे. त्यामुळे रेंजरही वेगवेगळ्या संस्थांचे असतात. मी कुठल्या संस्थेत आहे ते इथे लिहीत नाही. आमच्या तुकडीकडे एका सरोवराचा काठ, मागचं ओकचं जंगल आणि वरच्या डोंगरांवरच्या वाटा आहेत, एवढं पुरे.

आता कामाबद्दल. हे काम सर्वात जास्त कशाशी जोडलेलं असेल तर पाण्याशी. डोंगरावरची वाट पायांनी झिजते हे खरं, पण ती मोडते पाण्याने. आधी बुटांखाली गवत मरतं, माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच खाली धावतं आणि घळ पाडतं. घळीत चिखल होतो, म्हणून माणसं कडेच्या हिरवळीवरून चालू लागतात. मग ती हिरवळ मरते. असं करत करत एका पायवाटेची रस्त्याएवढी रुंद जखम होते आणि ती दरीपलीकडून, मैलभरावरून दिसते. त्या घळीतली माती आणि खडी जाते कुठे? आधी ओढ्यात, मग सरोवरात. डरवेंटवॉटरमध्ये व्हेंडेस नावाचा मासा आहे, ब्रिटनमधला सर्वात दुर्मीळ गोड्या पाण्यातला मासा. तो तळाच्या स्वच्छ खडीवर अंडी घालतो. खडीवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. शेजारच्या बॅसनथ्वेट सरोवरात या माशाची जी वाताहत झाली तिच्या कारणांमध्ये गाळ हे एक मोठं कारण. म्हणून वर ढगात बसून वाट दुरुस्त करताना आम्ही खालच्या माशाचंही काम करत असतो. नवीन स्वयंसेवकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. हे कळल्यावर त्यांचा हात वेगळा चालतो.

वाट दुरुस्त करायची म्हणजे मुख्यतः दगडी पिचिंग. जवळपासच्या घसाऱ्यातूनच दगड निवडायचे, म्हणजे रंग आणि जात जुळते. ते मोठ्या पिशव्यांत भरून हेलिकॉप्टरने जागेवर उतरवतात. एक पिशवी जवळजवळ टनाची. पुढचं सगळं हाताने: पहार, कुदळ, घण, फावडं. दगडाची लांब बाजू जमिनीत उभी गाडायची, सपाट तोंड वर. प्रत्येक दगड शेजारच्याला घट्ट भिडला पाहिजे आणि ओळीतले सांधे एकाखाली एक येता कामा नयेत. एका माणसाचं दिवसाचं काम एक-दोन मीटर. थंडीत बोटं वळेनाशी झाली की त्याहून कमी. पण असं केलेलं काम कित्येक दशकं टिकतं, आणि आपण बसवलेल्या दगडावरून कुणी न अडखळता, खाली न बघता वर जातं तेव्हा जे समाधान मिळतं ते मला आधीच्या कुठल्याच नोकरीत मिळालं नव्हतं.

दलदलीच्या जागी वेगळी पद्धत. पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मऊ थरात, दगड टाकला की बुडतो. तिथे मेंढीची लोकर अंथरून तिच्यावर वाट 'तरंगवतात'. इथल्या हर्डविक मेंढीच्या राठ लोकरीला बाजारात फारसा भाव नाही, पण पीटखाली हवा पोहोचत नसल्याने ती कुजत नाही आणि वरचा भार तोलून धरते.

बाकी वर्षभरात गडगे बांधणं, फाटकं बसवणं, झाडांची तपासणी, पडलेली झाडं कापणं, नको असलेल्या वनस्पती उपटणं, कचरा, शाळेच्या सहली, शेतकऱ्यांशी बोलणं आणि भरपूर फॉर्म भरणं. विचारा, जमेल तसं सांगते.

डोंगरवेडा

वाचनखूण साठवली. ताई, एक विचारतो. तुम्हाला अधिकार किती असतात? कुणी काठावर तंबू ठोकला, शेकोटी पेटवली, तर दंड करता येतो का?

काठावरची

नाही. उद्यान प्राधिकरणाचे बोटीवर गस्त घालणारे वॉर्डन असतात, त्यांच्या हाती सरोवराचे उपनियम असतात. उदाहरणार्थ विंडरमिअरवर २००५ पासून बोटींना ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा आहे, ती मोडणाऱ्यावर खटला होऊ शकतो. पण माझ्यासारख्या जमिनीवरच्या रेंजरकडे पोलिसी अधिकार नाहीत. आहे ते फक्त बोलणं.

इंग्लंडमध्ये, डार्टमूरसारखा अपवाद सोडला तर, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर तंबू टाकायचा हक्क नाही. तरी उंच डोंगरावर, शेतांच्या शेवटच्या भिंतीच्या वर, संध्याकाळी उशिरा येऊन सकाळी लवकर खूण न ठेवता निघून जाणाऱ्याला इथे परंपरेने कुणी हटकत नाही. त्रास असतो तो काठावर, रस्त्यालगत गाडी लावून टाकलेल्या मोठ्या तंबूंचा. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी सैल झाल्यावर, जे पाहिलं ते विसरता येत नाही. नवेकोरे तंबू, खुर्च्या, गाद्या, सगळं तसंच टाकून लोक निघून गेलेले. सरपणासाठी जिवंत ओकच्या फांद्या तोडलेल्या. जिवंत फांदी जळतही नाही, नुसता धूर करते.

सर्वात भीती वाटते ती एकदाच वापरायच्या बार्बेक्यूच्या पत्र्याच्या ट्रेची. ती कोरड्या पीटवर ठेवली की आग खाली जमिनीत शिरते. वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते आणि भलतीकडेच वर येते.

अशा वेळी जाऊन काय बोलायचं, हे शिकवून येतं असं नाही. मी नियमापासून सुरुवात करत नाही. कुठून आलात, कसं वाटतंय, रात्री पाऊस आहे हे माहीत आहे का, असं विचारते. बहुतेकांना खरोखर ठाऊक नसतं. मग जवळचा तंबूतळ दाखवायचा, शेकोटी विझवायला बादली द्यायची. दहातले नऊजण ऐकतात. दारू प्यायलेला घोळका असेल तर एकटीने जायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. तिथे पोलिसांना कळवायचं आणि लांब राहायचं.

अनामिक_अभियंता

पिचिंगचं वर्णन वाचून आनंद झाला. आमच्याकडे कालव्याच्या आणि बंधाऱ्याच्या उतारावर दगडी पिचिंग करतात, तत्त्व तेच दिसतंय. दोन शंका. सिमेंटने सांधे का भरत नाहीत? आणि वाटेवरून धावणाऱ्या पाण्याचं काय करता? नुसत्या पिचिंगने पाणी थांबणार नाही, उलट गुळगुळीत पृष्ठभागावर वेग वाढेल.

काठावरची

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

सिमेंट नको, कारण गोठण-वितळण. हिवाळ्यात सांध्यात शिरलेलं पाणी गोठून फुगतं. कोरड्या बांधणीत दगड किंचित हलतो आणि परत बसतो. सिमेंटला तडा जातो आणि मग अख्खा तुकडा सुटून येतो. शिवाय सिमेंट वर न्यायचं कसं, आणि ते ओढ्यात उतरलं तर पाण्यातल्या जिवांचं काय, हेही आहेच.

पाण्यासाठी वाटेला तिरक्या दगडी मोऱ्या घालतो. काटकोनात घातली तर तिच्यात गाळ साचतो, फार तिरकी घातली तर पाणी कडा कापत जातं. उतार पाहून कोन ठरवावा लागतो. खरं तर पाणी वाटेवर येण्याआधीच वरच्या बाजूला चर खणून दुसरीकडे वळवणं सर्वात उत्तम. त्यासाठी जागा पाहायला भर पावसात वर जावं लागतं. कोरड्या दिवशी पाण्याची चाल दिसत नाही.

आणि या मोऱ्या साफ ठेवणं हे मूळ कामाइतकंच महत्त्वाचं. एक मोरी गोट्यांनी तुंबली तर एका वादळात वीस मीटर पिचिंग उखडू शकतं. 'फिक्स द फेल्स' नावाचा उपक्रम इथे २००१ पासून चालू आहे, अनेक संस्था मिळून चालवतात. साधारण ६५० किलोमीटर डोंगरवाटा त्यांच्या देखरेखीखाली आहेत. त्यांच्या स्वयंसेवकांना 'लेंग्थ्समन' म्हणतात. पूर्वी रेल्वेचा किंवा रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळणाऱ्या कामगाराचं हे नाव. हे लोक, त्यांत सत्तरीचेही बरेच, फावडं खांद्यावर टाकून वर जातात आणि एकेक मोरी उपसत उतरतात. याला 'ड्रेन रन' म्हणतात. फोटोत याचं काही दिसत नाही, पण डोंगर जागेवर राहिलाय तो या उपसण्यामुळे, असं मी मनापासून म्हणेन.

सह्यवाट

पिचिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. मी दोन वर्षांपूर्वी हेल्वेलिनला गेलो होतो. वाटेचा बराच भाग दगडी जिना झालाय. डोंगरावर जाऊन जिनाच चढायचा तर रानपण उरलं कुठे? वाट चांगली केली की गर्दी वाढते, गर्दी वाढली की आणखी पिचिंग. हे चक्र थांबणार कधी?

काठावरची

तुमचा आक्षेप आमच्यातल्याही काहींचा आहे. मी त्याला हलकं समजत नाही. ओल्या पिचिंगवरून उतरताना गुडघ्यांना त्रास होतो, हेही खरं.

पण पर्याय काय आहेत ते पाहा. वर्षाला दीड कोटीहून जास्त लोक या भागात येतात. त्यांतला लहानसा हिस्सा वर चढला तरी ते लाखो बूट होतात. डोंगरावर चालायचा हक्क लोकांनी मोठ्या मेहनतीने मिळवलाय. १९४९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याने आणि पुढे २००० च्या कायद्याने उघड्या डोंगरांवर पायी फिरायची मोकळीक दिली. ती मी काढून घ्यावी असं मला वाटत नाही. मग दगड बसवायचा, की चिखलाची वीस मीटर रुंद पट्टी वाढू द्यायची? मी दगड निवडते. मात्र जिथे नुसतं पाणी वळवून आणि गवताचे गड्डे परत लावून वाट बरी होते तिथे दगड बसवू नये, याबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. आमच्यातही आता आधी तेच करून पाहतात. सरळ रेषेत जिना बांधण्यापेक्षा वळणं घेत जाणारी वाट डोळ्यालाही बरी दिसते.

अबोली

"नको असलेल्या वनस्पती उपटणं" यावर लिहाल का? मध्यंतरी कुठेतरी वाचलं की इंग्लंडमध्ये आपल्या तेरड्यासारखी फुलं उपटून टाकतात. खरं आहे का? वाईट वाटलं वाचून.

काठावरची

खरं आहे, आणि ती तेरड्याच्याच कुळातली आहे. हिमालयन बाल्सम. १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून हिमालयातून आणली गेली आणि नदीकाठांनी सुटली. माणसाहून उंच वाढते, गुलाबी फुलं, गोड वास. शेंग पिकली की हात लावताच फुटते, अगदी आपल्या तेरड्याची फुटते तशीच, आणि बिया सात मीटरपर्यंत उडतात. एका झाडाला ८०० पर्यंत बिया. ओढ्यात पडलेली बी वाहत खाली जाते आणि नव्या काठाला लागते.

अडचण सौंदर्याची नाही, पाण्याचीच आहे. ती वर्षायू वनस्पती. उन्हाळाभर दाट वाढून काठावरचं गवत, रानफुलं सगळं सावलीत मारते आणि थंडी आली की स्वतः मरून जाते. मग ऐन पुराच्या दिवसांत काठ उघडा. मुळं धरून ठेवायला काही नाही, माती ढासळते आणि पुन्हा तोच गाळ सरोवरात.

उपटायला मात्र अगदी सोपी, मुळं उथळ. शेंगा धरण्याआधी उपटायची आणि नेहमी ओढ्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात करायची, नाहीतर वरून बी येतच राहतं. बी मातीत साधारण दोन वर्षं जगतं, त्यामुळे सलग काही हंगाम चिकाटी धरली तर एखादा ओढा पूर्ण मोकळा होतो. लहान मुलांच्या सहलीला देण्याजोगं याहून चांगलं काम नाही. फुलाचा दोष नाही, हे मी मुलांना सांगते. हिमालयात तिला खाणारे किडे आणि बुरशी आहेत, इथे नाहीत.

याहून वाईट आहे न्यूझीलंड पिग्मीवीड. मत्स्यालयांतून सुटलेली पाणवनस्पती. नखाएवढा तुकडा ओल्या बोटीला किंवा पोहायच्या पोशाखाला चिकटून दुसऱ्या सरोवरात गेला तरी तिथे गालिचा पसरतो, आणि एकदा पसरला की हाताशी उपाय जवळजवळ नाही. म्हणून प्रत्येक धक्क्यावर पाटी दिसेल: तपासा, धुवा, वाळवा. कृपया ती पाटी वाचून पुढे जाऊ नका, तसं करा.

मेंढवाडा

आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढरं होती, म्हणून उत्सुकता. फोटोंत डोंगरावर मेंढ्या मोकळ्या दिसतात. कुंपण नाही, मेंढपाळ नाही. त्या हरवत कशा नाहीत? दुसऱ्याच्या कळपात जात नाहीत का?

काठावरची

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. इथे याला 'हेफ्ट' म्हणतात. डोंगराचा वरचा भाग बहुधा सामायिक गायरान असतो, अनेक शेतकऱ्यांचा चराईचा हक्क. प्रत्येक कळपाची डोंगरावरची जागा ठरलेली असते. कोकरू आईच्या मागे फिरताना ती जागा शिकतं, मोठं होऊन आपल्या कोकराला शिकवतं. कुंपण मेंढीच्या डोक्यात असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शेत विकलं गेलं तरी हेफ्टचा कळप बहुधा शेताबरोबरच राहतो.

म्हणूनच २००१ ची लाळ्या-खुरकूतची साथ इथे एवढी जिव्हारी लागली. कंब्रियाला देशात सर्वाधिक फटका बसला. कळपच्या कळप मारावे लागले, डोंगरवाटा बंद केल्या. गेलेली मेंढी विकत आणता येते, पण हेफ्ट विकत मिळत नाही. नव्या मेंढ्यांना जागा शिकवायला वर्षानुवर्षं पाठीमागे फिरावं लागतं.

यातूनच रेंजरचं एक मोठं काम येतं: कुत्री. उघड्या डोंगरांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रं आखूड दोरीला बांधलेलंच हवं, हा कायदा आहे. गुरांजवळ तर वर्षभर. गाभण मेंढीला नुसतं पळवलं तरी गर्भ पडू शकतो. "माझं कुत्रं चावत नाही" हे वाक्य मी वसंतात रोज ऐकते. चावायची गरज नसते.

पाणकळा

विषय मेंढ्यांवर आलाच आहे तर थोडं कडवट लिहितो. मी पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी आहे. ज्याला आपण सुंदर निसर्ग म्हणतो ते उघडेबोडके डोंगर म्हणजे शतकानुशतकांच्या अतिचराईचा परिणाम आहे. तिथे झाडी असायला हवी. रोप उगवलं की मेंढी खाते. मग पाऊस थोपवायला काही उरत नाही आणि खाली पूर. रेंजर लोक दगड बसवत राहतात, पण मूळ कारणाला हात घालत नाहीत. युनेस्कोचा दर्जाही मेंढपाळीच्या संस्कृतीसाठी मिळालाय, म्हणजे ही स्थिती कायमच राहावी असं का?

काठावरची

तुमचं निदान बऱ्याच अंशी मला मान्य आहे. ५ डिसेंबर २०१५ ला 'डेस्मंड' वादळात हॉनिस्टर घाटात २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला, ब्रिटनमधला विक्रम. पूली ब्रिज गावाचा १७६४ चा दगडी पूल वाहून गेला, केझिक-ग्रासमिअरचा मुख्य रस्ता तुटला तो पुढच्या मे महिन्यात सुरू झाला. एवढा पाऊस कुठलंच जंगल पूर्ण थोपवू शकलं नसतं. पण मधल्या आकाराच्या, दरवर्षी येणाऱ्या पुरांत झाडी, दलदल आणि वळणाचे ओढे खूप फरक पाडतात.

मात्र "मूळ कारणाला हात घालत नाहीत" हे बरोबर नाही. एनरडेल दरीत २००३ पासून वेगळा प्रयोग चालू आहे. मेंढ्या कमी केल्या, अर्धरानटी गॅलोवे गुरं सोडली, लिझा नदीला तिच्या मनाप्रमाणे पात्र बदलू दिलं. हॉज़वॉटरजवळ स्विंडेल ओढा सुमारे २०० वर्षांपूर्वी शेतीसाठी सरळ केला होता, २०१६ मध्ये त्याला पुन्हा वळणं दिली. पाणी संथ झालं, खडी बसू लागली आणि काही महिन्यांतच सॅमन माशांनी तिथे अंडी घातली. बॉरोडेलच्या दमट ओकवनाला, ज्याला समशीतोष्ण पर्जन्यवन म्हणतात, २०२३ मध्ये राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पण हे सगळं शेतकऱ्याला बाजूला सारून होत नाही. ज्या घराण्याला तो डोंगर दगडादगडाने पाठ आहे, त्याला जाऊन "तुमची मेंढी हीच अडचण" असं सांगणारा दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर असतो. आमच्याकडे जे जमलं ते असं: ओढ्याकाठी कुंपण घालून पट्टा सोडला, त्यात अल्डर आणि विलो लावले, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याचा पडलेला गडगा आम्ही बांधून दिला. त्याच्या मेंढ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. मला हा मधला मार्ग पटतो. तुम्हाला तो हळू वाटेल, आणि तो हळूच आहे.

पाणकळा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. स्विंडेलबद्दल माहीत नव्हतं. चराईची घनता अजून खूप कमी व्हायला हवी, या मतावर मी कायम आहे. पण कुंपणाच्या बदल्यात गडगा हे आवडलं.

जुनी_पानं

या भागाच्या इतिहासात पाणी आणि जमीन यांचा झगडा जुनाच आहे. मँचेस्टर शहराला पाणी हवं म्हणून थर्लमिअर दरीत धरण बांधायचं ठरलं तेव्हा मोठा विरोध झाला. विरोध हरला, १८९४ मध्ये तिथून पाणी मँचेस्टरला पोहोचलं. केझिकजवळ हार्डविक रॉन्स्ली नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांनी ऑक्टाव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. डरवेंटवॉटरच्या पश्चिम काठावरचं ब्रँडलहाऊ जंगल १९०२ मध्ये लोकवर्गणीतून ६,५०० पौंडांना घेतलं, ही ट्रस्टची लेक डिस्ट्रिक्टमधली पहिली खरेदी. वर्गणी देणाऱ्यांत कारखान्यांतले कामगारही होते.

भटकी_मुंगी

गेल्या ऑगस्टमध्ये विंडरमिअरला गेलो होतो. पाण्यात उतरू नका अशी पाटी होती, निळ्या-हिरव्या शेवाळाबद्दल. मुलं हिरमुसली. हे दरवर्षी होतं का? पाणी तर स्वच्छ दिसत होतं.

काठावरची

दिसण्यावर जाऊ नका. ते खरं शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया. उबदार, संथ पाणी आणि भरपूर फॉस्फरस मिळाला की झपाट्याने वाढतात आणि वाऱ्याने एका काठाला हिरव्या रंगासारखे गोळा होतात. त्यांतले काही विष तयार करतात. माणसाला पुरळ, उलट्या होतात. कुत्रं ते पाणी पिऊन अंग चाटतं आणि मरू शकतं.

फॉस्फरस येतो तो सांडपाण्यातून, घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतून आणि शेतातल्या खतातून. विंडरमिअरच्या पाण्याच्या शास्त्रीय नोंदी १९४५ पासून सलग आहेत, जगात फार थोड्या सरोवरांच्या इतक्या लांब नोंदी असतील. त्या सांगतात की पाणी तापत चाललंय. त्याच सरोवरात आर्क्टिक चार नावाचा मासा आहे, हिमयुगानंतर मागे राहिलेला, त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेलं खोल पाणी लागतं. वरून ऊब आणि खालून प्राणवायूची कमतरता, दोन्हींच्या मध्ये त्याची जागा आक्रसतेय.

हे रेंजरच्या फावड्याने सुटणारं नाही आणि त्याची मला रोज चीड येते. पाटी लावणं, नमुना पाठवणं, लोकांना सांगणं एवढंच हातात. तुम्ही तिथे राहायला गेलात तर निवासाच्या मालकाला सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली ते जरूर विचारा. पाहुण्यांनी विचारलं की फरक पडतो.

अबोली

माझी भाची ब्रिटनमध्ये पदवी करतेय, तिला अशा कामात यायचंय. पदवी कुठली हवी? पगार?

काठावरची

पदवी असेल तर उत्तम, पण तिच्यावर काम मिळत नाही. आधी स्वयंसेवक म्हणून नियमित जायला सांगा. इथले निम्मे रेंजर तसेच आले. पुढे उन्हाळी हंगामाचं कंत्राट किंवा प्रशिक्षणार्थी जागा मिळते. चेनसॉचं प्रमाणपत्र, दुर्गम जागचं प्रथमोपचार प्रशिक्षण, ट्रेलर चालवता येणं, फवारणीचा परवाना, यांना मोल आहे. चेनसॉ तर सध्या फारच लागतो, कारण ॲश झाडांची मर. ही मर एका बुरशीमुळे होते. २०१२ मध्ये ती बुरशी ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळली आणि आता रस्त्याकडेचं आणि वाटेवरचं प्रत्येक ॲश झाड तपासावं लागतं. मेलेलं ॲश ठिसूळ होतं, कापताना भलतीकडेच मोडतं.

पगार बेताचा. घरं महाग, कारण बरीच घरं सुट्टीसाठी घेतलेली आहेत. तरुण रेंजर तासभर गाडी चालवून येतात. हे तिला आधीच स्पष्ट सांगा. आणि माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर हे काम नको. बरेच जण एकांतासाठी येतात आणि दिवसभर वाहनतळावर उभे राहून थकतात.

डोंगरवेडा

पुढच्या मे महिन्यात चार दिवस जमतंय, केझिकला राहणार. बरोबर आई आहे, तिला चढ जमत नाही. तुमचं काम जवळून दिसेल अशी जागा सुचवा. ऑस्प्रे, तो मासे पकडणारा शिकारी पक्षी, दिसेल का?

काठावरची

ऑस्प्रे दिसायची चांगली शक्यता. बॅसनथ्वेटला २००१ मध्ये त्यांनी दीडशेहून जास्त वर्षांनी घरटं केलं. मे महिन्यात मादी अंड्यांवर असते आणि नर मासे आणतो. डॉड वूडमध्ये पाहण्याची जागा आहे, तिथले स्वयंसेवक दुर्बीण लावून देतात. वरच्या जागेपर्यंत थोडा चढ आहे, आईसाठी खालची जागा बरी.

आईंना घेऊन केझिकच्या धक्क्यावरून लाँचने ब्रँडलहाऊला उतरा. वर जुनी_पानं यांनी लिहिलंय तेच जंगल. काठाची वाट बरीचशी सपाट आहे. पुढच्या धक्क्यावरून परतीची लाँच मिळते, पण धक्क्यावरचं वेळापत्रक पाहून ठेवा, शेवटची फेरी लवकर असते. तुम्हाला एकट्याला वर जायचं असेल तर ७८ नंबरची बस बॉरोडेलमध्ये सीटोलरपर्यंत जाते. तिथून सीथवेटमार्गे स्टाय हेडच्या वाटेवर पिचिंग, मोऱ्या, गडगे सगळं पाहायला मिळेल. घोट्याला आधार देणारे बूट आणि खरा जलरोधक कोट घ्या. मे असला तरी वर हातमोजे लागतात. फोनला दरीत रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा हवाच. अडचण आलीच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. तेही सगळे स्वयंसेवक आहेत.

तारखा ठरल्या की मला निरोप पाठवा. त्या आठवड्यात आमचं काम काठावर असेल तर आईंना तिथे बसून पाहता येईल.